मागच्या जागेचा हक्क

गेल्या कोजागरीच्या रात्री, बॉस्टनजवळच्या एका घराच्या अंगणात केशरी दुधाचे पेले हातोहात फिरत असताना, मी त्याच दिवशी दुपारी मेन राज्याच्या किनाऱ्यावरून परतले असून, चार दिवस केवळ स्त्रियांच्या एका तुकडीबरोबर, एका वाटाड्या स्त्रीच्या देखरेखीखाली, सायकल, डोंगरचढाई आणि कयाक असा प्रवास करून आले आहे, एवढेच मी सांगितले. आणि तेवढ्यावरून आमच्या मंडळातील एका व्यासंगी, वयोवृद्ध आणि मला वडिलांच्या ठिकाणी असलेल्या गृहस्थांनी जी हरकत घेतली, ती पुढे त्यांनी लेखरूपाने सविस्तर मांडून आम्हा सर्वांच्या हाती दिली. लेखाला त्यांनी ‘भाडोत्री साहस’ असे नाव दिले आहे. त्यांच्या लिहिण्यात द्वेष नाही, विचार आहे. तो वाचून आमच्यातल्या दोन स्त्रियांनी पुढच्या वर्षी जाण्याचा बेत रद्द केला, आणि म्हणून गप्प राहणे मला अनुचित वाटते.

त्यांची कैफियत त्यातील जोर यत्किंचितही कमी न करता येथे देते. साहस हे स्वभावतः एकाकी आणि स्वयंभू असते. ज्याचा मार्ग दुसऱ्याने आखून दिला, ज्याचे ओझे दुसऱ्याने वाहिले आणि ज्याच्या सुरक्षिततेची हमी पैसे मोजून घेतली, त्याला साहस म्हणणे ही त्या शब्दाची अवहेलना होय. ज्या स्त्रियांनी शतकभर झगडून पुरुषांच्या बरोबरीची जागा मिळवली, त्यांनीच पुन्हा आपला निराळा जनाना उभारावा, ही त्या झगड्याशी प्रतारणा आहे. शरद ऋतू हा आपल्याकडे घट बसण्याचा, कुळधर्माचा आणि घरच्या माणसांनी एकत्र येण्याचा काळ. त्या दिवसांत गृहिणीने घर सोडणे शोभत नाही. आणि शेवटी, एवढा खर्च करून जे पाहावयाचे ते रंगलेले रान मोटारीच्या खिडकीतूनही दिसते. पहिल्या मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी एमा गेटवुड या अमेरिकन स्त्रीचा दाखला दिला आहे, जिने वाटाड्यावाचून आणि सोबतीवाचून हजारो मैलांची वाट तुडवली.

प्रथम हा दाखलाच घेते, कारण गेटवुडबाईंची कथा मलाही प्रिय आहे आणि ती अर्धीच सांगितली गेली आहे. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अकरा मुलांची आई आणि तेवीस नातवंडांची आजी असलेली ही ओहायो राज्यातील शेतकरी बाई, घरी शिवलेली एक कापडी पिशवी खांद्यावर टाकून आणि पायांत साधे कॅनव्हासचे बूट घालून, जॉर्जियापासून मेनमधील कटाडिन पर्वतापर्यंतची दोन हजारांहून अधिक मैलांची अपलाचियन पायवाट एकटीने चालून गेली, हे सर्व खरे आहे. परंतु आदल्याच वर्षी तिने हीच वाट मेनच्या टोकाकडून धरली होती, तेव्हा थोड्याच दिवसांत ती रानात चुकली, तिचा चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनी समजूत घालून तिला घरी परत पाठवले, हे त्या दाखल्यात आलेले नाही. निघताना मुलांना तिने जरा फिरायला जाते एवढेच सांगितले होते, हेही आलेले नाही. आणि ज्या नवऱ्याच्या मारहाणीखाली तिने तीसहून अधिक वर्षे संसार केला त्याचा तर त्यात उल्लेखही नाही. जिला कोणी परवानगी दिली नसती, जिच्याबरोबर कोणी आले नसते आणि जिला बरोबर नेणारी एकही तुकडी त्या काळी तिच्या गावाच्या आसपास नव्हती, त्या स्त्रीचा एकटेपणा हा आदर्श म्हणून इतर स्त्रियांपुढे ठेवण्यापूर्वी, तो तिने निवडला होता की तिच्या वाट्याला आला होता, याची चौकशी करणे न्यायाचे झाले असते. शिवाय ती पायवाट तरी निर्जन आणि अनाम कोठे होती? तिच्या संपूर्ण लांबीवर झाडांच्या खोडांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे ओढलेले असतात, आणि ते पट्टे वर्षानुवर्षे स्वयंसेवकांनी, आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाने वाट चुकू नये म्हणून, ओढलेले आहेत. गेटवुडबाईंना वाटाड्या होताच. तो आपली खूण ठेवून पुढे निघून गेला होता.

मेनच्या अरण्याविषयी ज्याने सर्वांत मनःपूर्वक लिहिले तो हेन्री डेव्हिड थोरो, ज्याचे नाव आपल्याकडे गांधीजींच्या सत्याग्रहाच्या संदर्भात आदराने घेतले जाते, त्या अरण्यात १८५३ साली शिरला तो जोसेफ अटियन या पेनॉब्स्कॉट जमातीच्या वाटाड्याला घेऊन, आणि १८५७ साली शिरला तो जोसेफ पोलिस या त्याच जमातीच्या दुसऱ्या वाटाड्याला दिवसाला दीड डॉलर मजुरी ठरवून. पोलिसकडून तो झाडांची आणि पाखरांची नावे शिकला, आपल्याला येते ते त्याला शिकवायचे आणि त्याला येते ते आपण शिकायचे असा करारच त्याने केला, आणि या शिकवणीचा वृत्तान्त ग्रंथात मोकळेपणाने नोंदवला. त्या ग्रंथाला भाडोत्री निसर्गप्रेम असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. आल्प्समधील शामोनी गावात वाटाड्यांची संघटना १८२१ साली स्थापन झाली आणि युरोपातील पुरुषांनी त्या पर्वतांवर जे जे पराक्रम गाजवले ते बहुतांशी अशा पगारी वाटाड्यांच्या दोरीला बांधून घेऊन गाजवले. हिमालयाच्या चढायांत शेर्पांनी वाहिलेल्या ओझ्यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्याच मुलखात आळंदीहून पंढरीस निघालेला वारकरी दिंडीत चालतो. त्या दिंडीला चोपदार असतो, मुक्कामांचा ठरलेला बंदोबस्त असतो, सामानाची गाडी पुढे गेलेली असते, आणि तरीही ती वाट वारकऱ्याने स्वतःच्या पायांनी चालली याविषयी कोणाच्या मनात किंतु येत नाही. म्हणजे वाटाड्या घेतल्याने पुरुषाचे साहस उणे होत नाही, भक्ताची वाट उणी होत नाही; तो उणेपणा फक्त स्त्रियांच्या तुकडीला का चिकटावा, याचे उत्तर मला त्या लेखात सापडले नाही.

ज्या मेन राज्यात आम्ही गेलो तेथे वाटाड्यांनी सरकारदरबारी नोंद करून सनद घेतली पाहिजे असा कायदा १८९७ साली झाला, आणि त्या वर्षी दिलेल्या सनदांपैकी पहिलीच सनद एका स्त्रीला मिळाली. कॉर्नेलिया क्रॉस्बी हे तिचे नाव. गळाने मासे धरण्यातील तिच्या प्रावीण्यामुळे लोक तिला ‘फ्लाय रॉड’ म्हणत. अमेरिकेच्या राज्यघटनेने स्त्रियांच्या मतदानाचा हक्क मान्य केला तो १९२० साली, म्हणजे क्रॉस्बीबाई सनदी वाटाड्या झाल्यावर तेवीस वर्षांनी. आजही ही सनद मिळवण्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. तोंडी परीक्षेत नकाशा आणि होकायंत्र पुढ्यात ठेवून वाट काढण्यास सांगतात, तुकडीतला एक माणूस हरवला आहे असे समजून आता काय कराल ते विचारतात, आणि समुद्रात कयाक नेणाऱ्यांसाठी निराळी परीक्षा असते. अशा व्यक्तीला दिलेला मोबदला हा धैर्याचे भाडे आहे असे म्हणणे, पोहण्याच्या तलावावरच्या शिक्षकाला दिलेली फी हे पोहण्याचे भाडे आहे असे म्हणण्यासारखे आहे.

आणि आम्ही ज्या पाण्यात उतरलो ते पाणी काय जातीचे आहे, हे ठाऊक असते तर आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांनी एकाकीपणाची थोरवी इतक्या निःशंकपणे गायली नसती असे मला वाटते. माउंट डेझर्ट बेटाच्या पूर्वेचा फ्रेंचमन उपसागर शरदात निळाशार आणि शांत दिसतो. परंतु त्याचे तापमान त्या दिवसांत दहा ते तेरा अंशांच्या आसपास असते. इतक्या थंड पाण्यात अकस्मात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात त्याच्या ताब्यात राहत नाही, तो धापा टाकू लागतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. ते मिनिट निभावले तर पुढची सुमारे दहा मिनिटे हातापायांत काम करण्याइतके बळ असते, नंतर बोटे वळत नाहीत, आणि शुद्ध हरपण्यास सुमारे तास लागतो. एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास, हे गणित आमच्या वाटाड्या बाईंनी पहिल्या सकाळी किनाऱ्यावर आम्हा आठही जणींकडून पाठ करून घेतले, आणि मग कंबरभर पाण्यात होड्या मुद्दाम उलटवायला लावल्या: उलटलेल्या होडीतून बाहेर कसे यायचे, दुसऱ्या होडीने आडवे येऊन उलटलेलीतले पाणी कसे ओतायचे, आणि बाहेरच्यांनी धरून ठेवलेल्या होडीत पोटावर सरपटत पुन्हा कसे चढायचे, हे प्रत्येकीने दोनदा करीपर्यंत आम्हाला निघण्याची मुभा नव्हती. तेथील भरती-ओहोटीत दहा ते बारा फुटांचा फरक पडतो. बार हार्बर गावासमोर बार आयलंड नावाचे छोटे बेट आहे, तेथे ओहोटीच्या दीड तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाता येते आणि पुढे तीच वाट समुद्राखाली जाते. दिवसाचा सारा कार्यक्रम त्या वेळापत्रकावर बसवायचा असतो. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद आणि नकाशा आमच्यातल्या एकीच्या हाती दिला आणि आज केव्हा निघायचे ते तुम्हीच ठरवा असे सांगून त्या बाजूला बसल्या. आमचे गणित एका ठिकाणी चुकले; त्यांनी लगेच सांगितले नाही, आम्हाला ते पुन्हा करायला लावले. पैसे मोजून मी काय विकत घेतले असा प्रश्न असेल, तर ती सकाळ विकत घेतली.

आता जनान्याचा आरोप. चारांपैकी हाच मला खरोखर लागला, म्हणून येथे अंमळ थांबते.

दोघांच्या कयाकमध्ये एकामागे एक अशा दोन जागा असतात. मागच्या जागेवर बसणाऱ्याच्या पायांशी दोन पेडल असतात आणि त्यांना जोडलेल्या तारांनी होडीच्या शेपटाचे सुकाणू डावीउजवीकडे वळते. पुढच्याने वल्ह्याचा ठेका धरायचा आणि समोरचे पाहायचे, दिशा ठरवायची ती मागच्याने. गेल्या अकरा वर्षांत मी माझ्या यजमानांबरोबर, मित्रपरिवाराबरोबर, मुलाबरोबरदेखील अनेकदा अशा होडीत बसले, आणि एकदाही मागे बसले नाही. मला कोणी मनाई केली नव्हती. माझे यजमान सौजन्यशील आहेत. मी मागितली असती तर ती जागा त्यांनी त्याच क्षणी दिली असती. परंतु होडी पाण्यात लोटताना जो तो आपापल्या ठिकाणी आपोआप जाऊन बसतो, मागे अधिक वजन आणि अधिक जोर हवा असे काहीतरी कारण कोणीतरी पुटपुटतो, आणि अकरा वर्षे निघून जातात. हीच गत नकाशाची, हीच सायकलच्या पंक्चरची: मिश्र तुकडीत चाक बसले की तीन पुरुष खाली वाकतात, ते प्रेमानेच वाकतात, आणि ज्या स्त्रीची ती सायकल असते ती हँडल धरून उभी राहते. या प्रेमाविषयी माझी तक्रार नाही. त्या वाकण्यामुळे चाक काढण्याची विद्या तिच्या हाती कधी येत नाही, एवढीच वस्तुस्थिती मी नोंदवते.

आठ स्त्रिया आणि चार होड्या असल्या की चौघींना मागे बसावेच लागते. वादाला तेथे जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे बसले तेव्हा पहिली वीस मिनिटे आमची होडी नागमोडी चालली. शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांच्या रंगीत तरंगत्या खुणा पाण्यावर सर्वत्र पसरलेल्या असतात, त्यांतल्या दोन-तीन खुणांवर आम्ही आदळलो, आणि पुढे बसलेली माझी जोडीदारीण, निवृत्त शाळामास्तरीण, एकदाही मागे वळून सल्ला देती झाली नाही. सुकाणू पायाने दाबल्यावर होडी जरा उशिराने ऐकते, म्हणून वळण्याआधी दाबावे आणि वळण पुरे होण्याआधी सोडावे, हे मला कोणी सांगितले असते तर मी ते विसरले असते. ते माझ्या पोटऱ्यांना कळले, आणि पोटऱ्या विसरत नाहीत. परतताना वाऱ्याविरुद्ध मी ती होडी सरळ रेषेत आणली. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी दिशा धरून परत येण्याचे ते सुख मला जेथे मिळाले, त्या ठिकाणाला जनाना म्हणावे हे मला सहन होत नाही.

जनाना म्हणजे ज्याची कडी बाहेरून लागते तो. ज्या दारातून स्त्री आपण होऊन आत गेली, आतल्या दालनात शिकली आणि चार दिवसांनी त्याच दारातून आपल्या नवऱ्याच्या, मुलांच्या, सहकाऱ्यांच्या जगात अधिक समर्थ होऊन परतली, त्या दाराला हे नाव लावता येणार नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या ते फिलाडेल्फियाचे महाविद्यालय केवळ स्त्रियांचे होते, कारण इतर बहुतेक ठिकाणी स्त्रियांना वैद्यक शिकवण्यास दारे बंद होती. त्यांच्या पदवीचे मोल त्यामुळे कमी झाले असे कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. त्या पदवीदान समारंभासाठी आलेल्या पंडिता रमाबाई पुढे इकडे अमेरिकेत हिंडल्या आणि युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरील १८८९ सालच्या आपल्या मराठी ग्रंथात त्यांनी स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या संस्थांविषयी मोठ्या आस्थेने लिहिले. त्यांतल्या मद्यपानविरोधी स्त्रीसंघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड या वयाच्या ५३व्या वर्षी सायकल शिकल्या, आणि ते सारे त्यांनी १८९५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले: रोज सरासरी पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने, कोणी ना कोणी सायकल धरून उभे असताना. सायकल चालवणाऱ्या स्त्रीचा चेहरा कायमचा विद्रूप होतो असे त्या काळचे काही डॉक्टर गंभीरपणे लिहीत असत. राष्ट्रभर नाव झालेल्या स्त्रीने धरून ठेवलेल्या सायकलवर शिकण्यात कमीपणा मानला नाही, तर आम्ही का मानावा?

आणि मुंबईच्या माणसाला तर हे सांगण्याचीही गरज पडू नये. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांची गाडी सुरू झाली, स्त्रियांचे डबे तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि त्या डब्यांतून प्रवास करून लक्षावधी स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने कचेऱ्या चालवल्या. याहून जुना दाखला आमच्या आश्विनातच आहे. हस्त नक्षत्राचा हत्ती पाटावर मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात, तो केवळ मुलींचा आणि बायकांचा असतो. श्रावणातली मंगळागौर, चैत्रातले हळदीकुंकू, ही सर्व केवळ स्त्रियांचीच. त्या लेखकांच्या घरीही हे सर्व होते आणि त्याला ते संस्कृती म्हणतात, यथार्थपणेच म्हणतात. तेव्हा स्त्रियांनी एकत्र जमण्याला त्यांची हरकत नाही. तोच फेर अंगण सोडून डोंगरावर गेला की हरकत सुरू होते, आणि म्हणून माझा असा ग्रह झाला आहे की हा वाद समानतेविषयीचा नसून उंबरठ्याविषयीचा आहे.

उंबरठ्याचे नाव निघाले आहे तर शारदीय नवरात्राविषयीचा मुद्दा येथेच पुरा करते. घरचे घट बसले, माळा चढल्या, अष्टमीचे कुळधर्म झाले, दसऱ्याला सोने वाटले, आणि एकादशीच्या पहाटे मी निघाले. चतुर्दशी उलटून पौर्णिमेच्या दुपारी परतले. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे हा आपला शिरस्ता आहे, आणि तो कोणी एका वर्गापुरता लिहून ठेवलेला मला आढळला नाही. मी नसताना माझ्या यजमानांनी चार दिवस घर चालवले. आमच्याच मंडळातले पाच पुरुष दर वर्षी जूनमध्ये आठवडाभर मासेमारीसाठी उत्तरेला जातात, कधीकधी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी वटपौर्णिमाही येऊन गेलेली असते. त्यांच्याविषयी आजवर लेख लिहिला गेलेला नाही.

आता मोटारीच्या खिडकीकडे वळते. अकेडिया राष्ट्रीय उद्यानातल्या सर्वांत उंच, १५३० फुटांच्या, कॅडिलॅक शिखरावर मोटारीचा रस्ता जातो हे खरे. परंतु त्याच माउंट डेझर्ट बेटावर जॉन रॉकफेलर धाकटे यांनी १९१३ ते १९४० या काळात खडी तीन थरांत दाबून जे रस्ते बांधवले आणि ज्यांपैकी ४५ मैल आज उद्यानाच्या हद्दीत आहेत, ते मोटारींना अटकाव करण्याच्या हेतूनेच बांधलेले आहेत. घोडागाडीला चढवेल एवढाच त्यांचा चढ, कडेला लावलेले ग्रॅनाइटचे चिरे, ज्यांना तेथले लोक रॉकफेलरचे दात म्हणतात, ओढ्यांवर दगडी कमानींचे पूल, आणि दुतर्फा झाडे कोणती लावावीत याचा सल्ला बिआट्रिक्स फॅरंड या उद्यानरचनाकार स्त्रीने दिलेला, जी १८९९ साली त्या शास्त्राची अमेरिकन संस्था स्थापन करणाऱ्यांतली एकमेव स्त्री होती. म्हणजे बेटाची जी अंतरंगातली वाट आहे ती सायकलीला, घोड्याला आणि पायांना राखून ठेवलेली आहे, आणि मोटारीतल्या माणसाला तिचे फक्त तोंड दिसते.

त्या वाटेवर काय दिसते? १९४७ सालच्या ऑक्टोबरात, दीर्घ अवर्षणानंतर, या बेटावर आग लागली. वाऱ्याने ती भडकली आणि सतरा हजार एकरांहून अधिक मुलूख, त्यात उद्यानाचे दहा हजार एकर, जळून गेला. पूर्वी तेथे स्प्रूस आणि फर यांचे बारमाही हिरवे, काळपट रान होते. जळालेल्या जमिनीला ऊन मिळाले, त्या उन्हात बर्च आणि ॲस्पेन उगवले, ज्यांची पाने शरदात पिवळीधमक होऊन गळतात. आज लोक शेकडो मैल ओलांडून जे सोने पाहण्यास येतात त्यातले बरेचसे त्या आगीने पेरलेले आहे. आमच्या वाटाड्या बाईंनी एका वळणावर सायकली थांबवायला लावल्या. डाव्या हाताला स्प्रूसचा अंधार, त्याखाली शेवाळ आणि ओलसर गारवा; उजव्या हाताला बर्चची पांढरी खोडे आणि त्यांतून गळणारा पिवळा उजेड. आग तेथे थांबली होती. तिची हद्द इतक्या वर्षांनंतरही हाताने दाखवता येते, आणि ती ओलांडताना एका चाकाला गारवा आणि दुसऱ्याला ऊब लागते असे क्षणभर वाटते. मोटारीतून जाणाऱ्याला त्या ठिकाणी फक्त रंग बदलल्याचे भासेल.

बीहाइव्ह नावाच्या लहानशा, ५२० फुटांच्या खडकाळ टेकडीवर ग्रॅनाइटच्या कड्यात लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या आहेत. तेथे आमच्यातली सर्वांत ज्येष्ठ स्त्री मध्यावर थांबली आणि तिचे हात कापू लागले. खालून कोणी ओरडले नाही, वरून कोणी ओढले नाही. डावा पाय एक वीत वर, तेथे खाच आहे, एवढे बाईंनी हळू आवाजात सांगितले आणि त्या थांबल्या. तीन-चार मिनिटे गेली असतील. मग तो पाय वर गेला. मी यापूर्वी अशा कड्यांवर पुष्कळ पुरुषांच्या प्रेमळ आरोळ्या ऐकलेल्या आहेत, आणि त्या आरोळ्यांनी गांगरून खाली उतरलेल्या स्त्रियाही पाहिलेल्या आहेत.

राहता राहिला खर्च, आणि येथे मी माझ्या ज्येष्ठ स्नेह्यांपुढे मान तुकवते. अशा सहलीचा खर्च मध्यम स्थितीच्या कुटुंबाला जाणवण्याजोगा असतो; तासावर मजुरी करणाऱ्या स्त्रीला चार दिवसांची रजाही मिळत नाही आणि तेवढे पैसेही साठत नाहीत. माझ्या तुकडीतल्या आठही जणी सुखवस्तू होत्या. हा दोष खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही, आणि तो त्यांनी दाखवून दिला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. परंतु पुस्तके महाग आहेत म्हणून वाचनाचा धिक्कार कोणी करीत नाही; वाचनालय काढतात. जे मी शिकले ते शिकवण्यास सनद लागते तेथे मी शिकवणार नाही, समुद्रावर कोणाला नेणार नाही. पण गावाशेजारच्या उथळ तळ्यात, जुलैच्या उबदार पाण्यात, उसन्या आणलेल्या दोन होड्या उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करण्यास, चाक काढून ट्यूब बदलण्यास आणि नकाशा उत्तरेला जुळवून धरण्यास फी लागत नाही.

ज्या दोघींनी तो लेख वाचून बेत रद्द केला त्यांना मी हे सर्व समक्ष सांगितले आहे. जुलैतल्या पहिल्या चार रविवारांसाठी तळ्याची परवानगी नगरपालिकेकडून मिळाली आहे, त्या दोघींसह सात नावे आली आहेत, आणि प्रत्येकीची मागच्या जागेवरची पाळी मी वहीत आधीच लिहून ठेवली आहे. त्यांतल्या तिघींना पोहता येत नाही; त्यांची शिकवणी गेल्या मंगळवारपासून सुरू झाली.